फ्लॅश चिप जोडताय? सीएस (चिप निवडणारी पिन) कधी उचलायचा ते आधी बघा

डब्ल्यू२५क्यू६४ ही फ्लॅश मेमरी चिप एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरला एसपीआयने (एकेक बिट तारेवरून पाठवायची पद्धत) जोडताना माझे तीन दिवस एकाच गोष्टीत गेले, म्हणून तीच आधी सांगतो. शेवटचा बाइट पाठवल्यावर मायक्रोकंट्रोलरच्या एसपीआय कंट्रोलरमधला टीएक्सई बिट आधी १, मग बीएसवाय (कंट्रोलर अजून कामात आहे का ते सांगणारा बिट) ०, आणि मगच सीएस वर. नुसता टीएक्सई बघून चालत नाही. टीएक्सई म्हणजे बफर रिकामा झाला एवढंच, बाइट अजून शिफ्ट रजिस्टरमधून एकेक बिट बाहेर जात असतो, आणि तेवढ्यात सीएस उचललात तर ती अर्धवट कमांड चिप सरळ सोडून देते, एरर वगैरे काही येत नाही.

वायरिंग: ३.३ व्होल्टच, पाचला लावू नका. चिपच्या वीजपुरवठ्याच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. डब्ल्यूपी (लिहिणं रोखणारी पिन) आणि होल्डला (चिप थांबवणारी पिन) पुलअप द्या, म्हणजे रेझिस्टरने ३.३ व्होल्टला जोडा, मोकळे सोडू नका. एसपीआय मोड ० किंवा ३.

मग ९एफ या कमांडने चिपचा आयडी वाचा, ईएफ ४० १७ यायला हवं. आयडी आला म्हणजे टायमिंग जमलं असं मात्र अजिबात धरू नका! वाचताना माझा कोड आरएक्सएनईसाठी (बाइट आल्याचा बिट) थांबत होता, त्यामुळे तिथे सगळं नीट, लिहितानाच घोळ. मला वाटलं स्पीड जास्त होतोय, म्हणून क्लॉक १८ मेगाहर्ट्झवरून २८१ किलोहर्ट्झवर आणला, तर जे अधूनमधून चालत होतं तेही बंद पडलं, कारण आता एका बाइटला २८ मायक्रोसेकंद लागत होते आणि सीएस तर लगेच वर जात होता. लॉजिक ॲनालायझरवर ०६चे (लिहायची परवानगी देणारी कमांड) आठ क्लॉक पुरे व्हायच्या आतच सीएस वर गेलेला दिसला तेव्हा कळलं. म्हणून ०६ पाठवलं की ०५ने चिपचं स्टेटस वाचा, ०२ आलं (परवानगी लागली) तरच पुढे. ०० आलं तर बीएसवाय बघा, परत बीएसवायच बघा.

इरेज (पुसणं): ४ केबीच्या सेक्टरला साधारण ४५ मिलिसेकंद, पण डेटाशीटमध्ये कमाल ४०० दिलेत, तेव्हा ठोक डिले टाकू नका, स्टेटसमधला बिझी बिट बघत राहा. हा चिपचा बिझी, वरचा बीएसवाय कंट्रोलरचा, दोन्ही बघायचेत. पेज २५६ बाइटचं, पुढे गेलात तर त्याच पेजच्या सुरुवातीवर लिहिलं जातं. दर इरेज आणि दर लिहिण्याआधी ०६ नव्याने.

वाचताना ५० मेगाहर्ट्झच्या वर ०३ ही साधी वाचायची कमांड नाही, ०बी आणि ८ डमी (रिकामे) क्लॉक. लिहिलेलं वाचून ताडा. डीएमए (प्रोसेसरशिवाय डेटा हलवणारं हार्डवेअर) लावलात तर ट्रान्सफर कम्प्लीटचा इंटरप्ट आला तरी शेवटचा बाइट तारेवर असू शकतो, तिथेही बीएसवाय बघूनच सीएस उचला.