रिटर्न पंप निवडताना खोक्यावरचा आकडा विसरा

मासे आणि प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी रिटर्न पंप (खालच्या टाकीतलं पाणी परत वर चढवणारा) घ्यायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘टाकीच्या दहापट लिटरचा घ्या.’ टाकीतलं पाणी फिरवण्याचं कामही रिटर्न पंपाच्याच गळ्यात असायचं, त्या काळातला हा सल्ला आहे. आता ते काम वेव्हमेकर (टाकीच्या आत बसवलेले, पाणी ढवळणारे छोटे पंप) करतात, आणि कमी विजेत कितीतरी जास्त करतात. रिटर्न पंपाने फक्त सम्पमधलं (मुख्य टाकीखालच्या, पाणी गाळायच्या टाकीतलं) पाणी वर पोहोचवायचं. तेवढ्याने पृष्ठभागावरचा तवंग ओव्हरफ्लोतून (काठाशी जादा पाणी खाली सोडणाऱ्या कप्प्यातून) खाली उतरत राहतो आणि स्किमरला (फेसातून मळ काढणाऱ्या यंत्राला) काम मिळत राहतं. टाकी, सम्प आणि ओव्हरफ्लो ठरलेले आहेत असं धरून पुढचं लिहितो.

प्रवाह ठरवा

टाकीतल्या पाण्याच्या तासाला ३ ते ५ पट. बस्स. प्रवाळांना जोरदार प्रवाह लागतो हे खरं, पण तो टाकीच्या आत, वेव्हमेकरचा. सम्पमधून पाणी धो धो पळवलं तर आवाज आणि बारीक बुडबुडे वाढतात. स्किमरचा स्वतःचा पंप ठरावीक पाणीच ओढतो, बाकीचं त्याच्या शेजारून निघून जातं.

‘प्रवाह कमी ठेवला तर हीटरची उष्णता वर पोहोचत नाही’ असंही सांगतात. हिशेब करून बघा. ३०० वॅटचा हीटर सतत चालू असला तरी ताशी १००० लिटर वाहणारं पाणी जेमतेम पाव अंशाने तापतं. म्हणजे वर-खालच्या तापमानात फरक पडला तरी तेवढाच.

आपण १२० × ५० सेंमी तळाची, ४५ सेंमी पाणी असलेली टाकी घेऊ. दगड-वाळू वजा जाता साधारण २५० लिटर. चौपट म्हणजे १०००. पुढे-मागे रिॲक्टर (पाणी शुद्ध करायचं माध्यम भरलेलं नळकांडं) जोडायचा असेल तर त्याचे ३०० धरा. हवे ताशी १३०० लिटर.

हेड काढा: गाडं अडतं ते इथे

हेड म्हणजे पंपाला जेवढ्या उंचीला पाणी ढकलावं लागतं ती उंची, पाइपमधल्या घर्षणाचं नुकसानही उंचीतच धरून. मीही बराच काळ इथेच चाचपडत होतो, कारण जो तो खोक्यावरचा ‘३००० लिटर प्रति तास’ वाचून सल्ला देतो. तो आकडा शून्य उंचीवरचा असतो, पंप पाण्यात नुसता सोडून दिला तर मिळणारा. शेजारी ‘कमाल हेड’ लिहिलेलं असतं. त्या उंचीला पाणी पोहोचतं, पण वाहत नाही. तिथे प्रवाह शून्य. तुमची टाकी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसते, आणि कुठे बसते ते तुम्हालाच काढावं लागतं.

आधी उंची मोजा. पंपापासून नाही. सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत. पंप सम्पच्या तळाशी असला म्हणून काही बिघडत नाही, वरचं पाणी त्याला तेवढी मदत करतंच. आपल्या उदाहरणात सम्पचं पाणी जमिनीपासून २० सेंमीवर आणि टाकीचं १३५ सेंमीवर आहे, म्हणजे ११५ सेंमी. पाइप काठावरून चढून आत उतरत असेल तर सुरू होताना पंपाला काठापर्यंत पाणी ढकलता आलं पाहिजे, हेही लक्षात असू द्या.

आता घर्षण. ‘दर एल्बोमागे (पाइपच्या वळणाच्या जोडामागे) एक फूट वाढवा’ हा ठोकताळा सोडून द्या, कारण पाइप केवढा आहे हे तो विचारतच नाही. आणि सगळा खेळ पाइपच्या आतल्या व्यासाचा आहे. तेवढंच पाणी निम्म्या व्यासातून न्यायचं तर सरळ पाइपमधलं घर्षण सुमारे ३२ पट होतं. आपले १३०० लिटर, २ मीटर पाइप आणि ३ एल्बो धरून मी काढलेले ढोबळ आकडे असे: आतला व्यास २५ मिमी असेल तर २० सेंमीच्या आसपास नुकसान, २० मिमी असेल तर अर्धा मीटर, आणि १६ मिमी असेल तर सव्वा मीटर. म्हणजे बारीक नळीत पंपाची ताकद चढणीपेक्षा घर्षणातच जास्त जाते. लोक मग पंपाला नावं ठेवतात आणि त्याच नळीवर आणखी मोठा पंप लावतात. प्रवाह दुप्पट करायला गेलात की घर्षण जवळजवळ चौपट होतं, त्यामुळे वाढतं ते मुख्यतः विजेचं बिल.

म्हणून माझं ठाम मत आहे की पंपाच्या तोंडाशी बारीक जोड असला तरी तिथून लगेच पाइप मोठा करावा. २५ मिमी बसत असेल तर २० च्या वाटेला जाऊ नये. जागा असेल तिथे एका ९० अंशाच्या एल्बोऐवजी ४५ चे दोन लावावेत.

११५ अधिक २० म्हणजे १३५ सेंमी. मी हिशेबाला दीड मीटर धरतो, कारण काही महिन्यांत पाइपमध्ये थर बसतो आणि इम्पेलरवर (पंपातल्या फिरत्या पात्यांवर) चुना चढतो.

आता उत्पादकाचा आलेख उघडा. आडवा प्रवाह, उभं हेड. दीड मीटरवर पंप किती देतो ते वाचा. ज्या पंपाचा आलेख कुठेच मिळत नाही तो मी घेत नाही. अगदीच नाइलाज असेल तर खोक्यावरच्या दोन आकड्यांमध्ये सरळ रेषा ओढा. खरा आलेख वक्र असतो, पण अंदाज येतो. दोन पंप घ्या, दोन्ही ३००० लिटरचे, एकाचं कमाल हेड २ मीटर आणि दुसऱ्याचं ४ मीटर. सरळ रेषेच्या हिशेबाने दीड मीटरवर पहिला ७५० लिटर देतो, दुसरा १८७५. खोक्यावर लिटर तेच! आपल्याला दुसरा हवा. १३०० च्या वर जे उरतं ते मळासाठी राखीव.

डीसी पंप (ज्याचा वेग कंट्रोलरने कमी-जास्त करता येतो तो) घेणाऱ्यांना एक इशारा. वेग कमी केला की प्रवाह त्याच प्रमाणात कमी होतो, पण हेड वर्गाच्या प्रमाणात घसरतं. फिरण्याचा वेग ७० टक्क्यांवर आणला की कमाल हेड निम्म्यावर येतं. अडीच मीटरचा पंप सव्वा मीटरवर आला की आपल्या टाकीत पाणी धड चढणारही नाही. ‘मोठा घेऊ आणि कमी वेगाने चालवू’ हा विचार चांगला आहे, फक्त मोठेपणा लिटरमध्ये न बघता हेडमध्ये बघा.

एसी की डीसी

डीसी शांत असतो, हळू सुरू होतो, मासे खात असताना थांबवता येतो. त्याचा कंट्रोलर मात्र पंपाच्या आधी दगा देऊ शकतो. एसी, म्हणजे थेट घरच्या विजेवर एकाच वेगाने चालणारा, साधा आणि चिवट. प्रवाह कमी करायचा तर बाहेर जाणाऱ्या बाजूला गेट व्हॉल्व्ह लावा. आत येणाऱ्या बाजूला कधीही नाही, पंप कोरडा पडून खडखडतो. कुठलाही घ्या, समुद्राच्या पाण्यासाठी चालतो असं लिहिलेलं हवं: तांब्या-पितळेचा भाग पाण्याला लागला तर कोळंब्या आणि प्रवाळ वाचत नाहीत. बुडवलेला पंप खातो ती वीज शेवटी उष्णता होऊन बहुतेक पाण्यातच जाते, तेव्हा उन्हाळ्यात जास्त वॅटचा पंप महाग पडतो.

ओव्हरफ्लोची परवानगी घ्या

पंप कितीही देवो, खाली उतरणारा पाइप तेवढं नेईल का? हवा आणि पाणी मिसळून उतरणाऱ्या २५ मिमीच्या एकाच पाइपवर ताशी २००० लिटरच्या पुढे भरवसा ठेवू नका. पूर्ण सायफनने, म्हणजे हवा न शिरता काठोकाठ भरून, उतरणारा पाइप बराच जास्त नेतो, पण सोबत संकटकाळचा दुसरा, रिकामा पाइप हवाच.

वीज जाऊ द्या

पंप थांबला की रिटर्नच्या तोंडातून पाणी उलटं सम्पमध्ये येतं, तोंड उघडं पडेपर्यंत. आपल्या टाकीत पातळी ४ सेंमी खाली आली तर २४ लिटर खाली येतात, शिवाय पाइपमधलं आणि ओव्हरफ्लोच्या कप्प्यातलं वेगळं. तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवा आणि सम्पमध्ये तेवढी जागा मोकळी सोडा. चेक व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेवर) विसंबू नका. त्यात एक शंखाचा तुकडा अडकला की तो उघडाच राहतो. सायफन तोडायला रिटर्न पाइपला पाडलेलं बारीक भोकही शेवाळाने बुजतं. पहिल्याच दिवशी प्लग काढून पूर्ण पाणी उतरेपर्यंत बघा, आणि पुन्हा लावून पंप स्वतःहून सुरू होतो का तेही बघा. वायर सॉकेटच्या खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल.

शेवटी बादली

रिटर्नचं तोंड पाण्याच्या पातळीवर, १० लिटरच्या बादलीत धरा आणि सेकंद मोजा. ३६,००० ला सेकंदांनी भागा, ताशी लिटर आले. २८ सेकंद म्हणजे जवळपास १३००. हा आकडा सम्पच्या दारावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी तो पाचव्या हिश्शाने घटलेला दिसला की इम्पेलर काढून पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवा आणि धुऊन परत बसवा.