बहावा बियांपासून कसा लावायचा (आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या रानात)

बहाव्याचं बी रुजतच नाही अशी तक्रार दर उन्हाळ्यात ऐकू येते आणि सल्ला देणारे सगळे एकच सांगतात, रात्रभर पाण्यात भिजवा अन् लावा. हा सल्ला सोडून द्या. साध्या पाण्यात ८ दिवस ठेवलं तरी बहुतेक बिया खड्यासारख्या कडकच राहतात, कारण वरचं टरफल पाणी आत जाऊच देत नाही.

शेंगा एप्रिल-मेमधे झाडाखालीच पडलेल्या मिळतात, काळपट आणि हलवली की वाजणारी घ्या. फोडली की पातळ पडद्यांच्या कप्प्यांत चिकट काळा गर आणि एकेक चपटं चकचकीत बी दिसतं. गर धुऊन टाका, लेकरांना चाटू देऊ नका, जुलाब लागतात.

आता खरं काम, मीपण सुरुवातीला इथंच अडकलो होतो. खरबरीत पॉलिश पेपर घ्या. बीचं एक टोक जरा निमुळतं असतं, कोंब तिकडून निघतो, म्हणून ते टोक चिमटीत धरायचं आणि विरुद्ध बाजूची कड घासायची. तपकिरी रंग जाऊन आतलं फिकट दिसलं की तिथंच थांबा!! अजून थोडं घासू म्हणलं की आतली डाळ दुखावते आणि बी मातीत कुजतं. मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, सकाळी जे फुगून दुप्पट झालं ते लगेच लावायचं, वाळू द्यायचं नाही, आणि जे फुगलं नाही ते परत घासायचं. बिया खूप असतील तर पाण्याला उकळी आणा, गॅस बंद करा, मग बिया टाका आणि गार होऊ द्या. गॅसवर बिया उकळणारे लोक बी शिजवतात, रुजवत नाहीत. नर्सरीवाले ॲसिड वापरतात, ते घरी अजिबात नको.

उंच पिशवीत अर्धा इंच खोल लावा, सोटमूळ सरळ खाली जातं म्हणून पिशवी अधूनमधून उचलून जागा बदला, नाहीतर मूळ जमिनीत घुसतं आणि उचलताना तुटतं.

पुढच्या मृगाला भरपूर उन्हाच्या जागी २ फुटाचा खड्डा. काळ्या मातीत पाणी तुंबतं आणि बहाव्याला ते चालत नाही, म्हणून मुरूम मिसळा आणि रोप जरा उंचवट्यावर ठेवा. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला पाणी आणि आळ्यात जाड पाचट पाहिजेच, कारण पारा ४२-४४ ला गेला की जमिनीला भेगा पडतात आणि कोवळ्या मुळ्या तुटतात. नंतर फारसं बघावं लागत नाही.

मार्चमधे पानं गळतात, झाड मेलं नाही, नखानं साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर निवांत राहा, बादल्या ओतू नका. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तरी औषध मारू नका, त्यांचीच फिकट पिवळी फुलपाखरं होतात आणि पालवी परत येते, रोप फारच लहान असेल तर अळ्या उचलून मोठ्या बहाव्यावर सोडा.

बियांच्या झाडाला फुलं यायला ५-७ वर्षं धरा, दोन वर्षांत फुलवून दाखवतो म्हणणाऱ्याकडून रोप घेऊ नका. छाटणी करायचीच असेल तर फुलं गेल्यावर, आणि तीही फक्त वाळक्या नि एकमेकांत घासणाऱ्या फांद्यांची.