पीएस (प्लेस्टेशन) तापतोय? या चुका टाळा, आणि आधी पंक्चरच्या दुकानात नेऊ नका

"मामा, पीएस परत बंद पडायलाय. विमान उडाल्यागत आवाज यायलाय."

एप्रिल लागला की भाच्याचा हा फोन ठरलेला. त्याचं घर अशोक चौकाच्या मागं, भिंतीला भिंत लागून यंत्रमागाचा कारखाना. पीएस४, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा प्लेस्टेशन कन्सोल, वरच्या खोलीत, आणि खोलीला छत पत्र्याचं. आता गंमत बघा. पीएस४ असो की पीएस५, कंपनीनं खोलीच्या तापमानाची मर्यादा ५ ते ३५ अंश अशी घातली आहे. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याखाली तर विचारूच नका. म्हणजे बटण दाबायच्या आधीच मशीन मर्यादेबाहेर. याला साफसफाईचा इलाज नाही. दुपारी खेळू नका, रात्री जेवून बसा. हे सांगितलं की पोरांची तोंडं वाकडी होतात, पण त्याला माझा नाइलाज आहे.

उन्हाचं झालं. खरा घोळ धुळीचा आहे, आणि त्याहून मोठा घोळ ती काढण्याच्या पद्धतीचा. माझ्याकडे बिघडून आलेले निम्मे कन्सोल धुळीनं नाही, सफाईनं बिघडलेले होते.

रस्त्यावरची माती फुंकली की उडते. मागावरनं उडणारी धूळ सुताची असते, तिचे तंतू एकमेकांत गुंततात. भाच्याचा पीएस४ पहिल्यांदा उघडला तेव्हा पंखा आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्या पात्यांच्या मधल्या फटीत राखाडी रंगाचा एक सलग पट्टा बसला होता. चिमट्यानं एक टोक धरून ओढलं तर अख्खा पट्टा घोंगडीच्या तुकड्यासारखा बाहेर आला. मशीननं आत बसून स्वतःपुरती सोलापुरी चादर विणून घेतली होती. पंखा जीव खाऊन फिरत होता, पण हवा पात्यांपर्यंत पोचतच नव्हती. विमानासारखा आवाज यायचा तो त्यामुळं.

कॉम्प्रेसरची हवा

आमच्याकडची सगळ्यात लाडकी चूक ही. पोरं कन्सोल गाडीवर मांडीत घेऊन थेट पंक्चरवाल्याकडे जातात आणि "मामा, जरा हवा मारा की" म्हणतात. धूळ उडालेली डोळ्यांना दिसते, त्यामुळं समाधानही होतं. पण टायरच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, कधी तेलाचा अंशही येतो, आणि तो फवारा सरळ बोर्डावर बसतो. शिवाय त्या दाबानं पंखा त्याच्या रोजच्या वेगाच्या कितीतरी पट गरगरतो. बेअरिंग खिळखिळं होतं, वर जबरदस्तीनं फिरवलेला पंखा डायनॅमोसारखी उलटी वीज बोर्डाकडे पाठवू शकतो. तिसरं म्हणजे बाहेरून मारलेली हवा तो चिकट पट्टा काढत नाही, आणखी आत ठासते. दोन दिवस बरं वाटतं, मग आवाज पहिल्यापेक्षा मोठा.

हवाच मारायची तर दाबलेल्या हवेचा कॅन आणा किंवा हातात धरायचा छोटा ब्लोअर घ्या. कन्सोल बंद, वायर भिंतीतून काढलेली. रेस्ट मोड, म्हणजे मशीन नुसतं झोपवणं, हे बंद नव्हे. पंख्याचं पातं टूथपिकनं अडवून धरा. कॅन उभाच ठेवा, आडवा केला की आतला द्रव गार फवाऱ्यासारखा बाहेर येतो. एका दमात नाही, थोडी थोडी हवा मारा.

व्हॅक्यूम क्लीनर बाहेरच्या जाळ्यांवर, कमी जोरावर चालतो. उघड्या बोर्डावर मात्र त्याची नळी टेकवू नका, स्थिर वीज तयार होते. आणि काच पुसायचा स्प्रे जाळीवर मारायचा नाही. ओलं फडकंसुद्धा नको, कोरडं मऊ कापड पुरतं.

टॉवेल, चादर आणि कूलर

ताईनं कन्सोलखाली टर्किश टॉवेल अंथरला होता, "ओरखडे पडू नयेत म्हणून". माया समजते. पण लांब धाग्याच्या कापडावर मशीन ठेवायचं नाही, जाळ्या बुजतात आणि धागे आत ओढले जातात. मी त्याखाली फरशीचा एक तुकडा ठेवला आणि भिंतीपासून वीतभर पुढं ओढला. पीएस५ला भिंतीपासून निदान १० सेंटिमीटर जागा लागते. टीव्हीच्या कपाटाचा बंद कप्पा म्हणजे तर भट्टीच, आपलीच गरम हवा तो परत ओढत बसतो. खेळून झाल्यावर झाकायला कापड चालेल, पण मशीन पूर्ण निवल्यावर.

टॉवेलवरून आठवलं. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एक्सबॉक्स ३६० कन्सोलवर तीन लाल दिवे लागून तो बंद पडायचा, तेव्हा लोक तो चालू ठेवून टॉवेलात गुंडाळायचे. आणखी तापून आतले निसटलेले सांधे तात्पुरते जुळावेत, हा हिशोब. २००७ साली मायक्रोसॉफ्टला त्या बिघाडापोटी वॉरंटी ३ वर्षांची करावी लागली आणि १ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. आजही कुणीतरी व्हिडिओ बघून हा प्रयोग करू बघतं. नका करू. आपल्या गावात टॉवेल स्वस्त आहेत म्हणून काय झालं.

कूलरचं तोंड कन्सोलकडे वळवणं हीसुद्धा घरोघरची चूक. ती हवा गार लागते कारण ती ओली असते. ओल्या हवेत सुताची धूळ पात्यांना चिकटते आणि वाळून कडक होते. कूलर माणसाकडे ठेवा, मशीनकडे साधा टेबल फॅन.

उघडायची घाई

वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रू ड्रायव्हर लांब ठेवा. पीएस४चे बाहेरचे स्क्रू स्टार टोकाचे, मधोमध खुंटी असलेले असतात. घरातला साधा स्क्रू ड्रायव्हर घालून झटलात की डोकं घासून जातं आणि मग ड्रिल लागतं. पहिल्या उघडणीत माझ्याच हातून डिस्क ड्राइव्हची चपटी केबल फाटली होती. झाकण सरळ वर ओढलं, एवढीच चूक. नंतर मशीन थंडगार चालायचं, डिस्क मात्र वाचायचं नाही. प्रत्येक स्क्रू काढताना मोबाइलवर फोटो काढा. वीजपुरवठ्याचा बंद डबा कधीच उघडू नका, वायर काढल्यावरही आत विजेचा भार राहतो.

जुन्या पीएस४मध्ये चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट (उष्णता पुढं पोचवणारा लेप) वाळून खडूसारखी होते. ती बदलताना जुनी पूर्ण पुसा, त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, सॅनिटायझर नको. नवी पेस्ट वाटाण्यापेक्षा मोठी नको. जाड थर लावला तर तोच उष्णता अडवतो.

पीएस५चं गणित वेगळं. तिथं पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे, वीज वाहणारा. तो बोर्डावर ओघळला की शॉर्ट. म्हणून हीटसिंक काढायच्या भानगडीत पडू नका. बाजूची पॅनेल काढली की पंखा दिसतो आणि धूळ जमण्यासाठीच ठेवलेली भोकं दिसतात, तिथं व्हॅक्यूम फिरवला की तुमचं काम झालं.

एवढं करूनही बंद पडतो? मग वेळ मोजा. अर्ध्यापाऊण तासानं, "खूप तापलाय" असा संदेश देऊन थांबत असेल तर धूळ किंवा खोली. थंड मशीन चालू करून दोन-तीन मिनिटांतच तो संदेश येत असेल तर पंखा फिरत नसावा किंवा पेस्ट संपली असावी. काही न सांगता फटकन् अंधार झाला तर बहुधा वीजपुरवठ्याचा दोष, तिथं कितीही झाडलंत तरी उपयोग नाही, दुरुस्तीवाल्याकडे द्या.

पीएस४ देण्याआधी सेव्ह केलेले गेम पेनड्राइव्हवर काढून घ्या. भाच्यानं घेतले नव्हते. मशीन दुरुस्त होऊन आलं, पण हार्ड डिस्क कोरी. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, जणू मीच पुसलं.