मंडळाची इंटरॅक्टिव्ह लायटिंग : घरी चालते, चौकात का नाही? या चुका टाळा

गणपती जवळ आले की मंडळातली इंजिनिअरिंगची पोरं कामाला लागतात आणि यंदा नुसत्या माळा नकोत, लोकं समोर आली की लाईट बदलली पाहिजे असं ठरतं. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून पिक्सेलच्या (प्रत्येक दिवा वेगळा रंगवता येणाऱ्या एलईडीच्या) पट्ट्या येतात, त्या चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड ईएसपी३२ येतो, हॉलमध्ये टेबलावर सगळं झकास चालतं, आणि पहिल्या संध्याकाळी चौकात अर्धी पट्टी लालसर, अर्धी बंद, सेन्सर वेडापिसा. मग सगळे कोड तपासत बसतात. कोड बहुतेक वेळा बरोबरच असतो हो! टेबलावर एक माणूस, दोन फूट वायर आणि कोरडी हवा असते, चौकात यातलं काहीच नसतं.

पट्टीचं टोक पिवळट-लालसर दिसतंय

हा व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे लांब वायरीत व्होल्टेज कमी होत जाणं. निळ्या आणि हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून लांब गेल्यावर ते आधी मरतात आणि पांढरा रंग लालसर होतो. डब्ल्यूएस२८१२बी या नेहमीच्या पट्टीच्या एका पिक्सेलला फुल पांढऱ्यावर साधारण ६० मिलीअँपिअर धरा, म्हणजे मीटरला ६० वाली पाच मीटर पट्टी ३०० पिक्सेलची, १८ अँपिअर ५ व्होल्टवर. एवढा करंट पट्टीच्या पातळ तांब्यातून एका टोकाने ढकलायचा म्हणजे अवघडच. दोन्ही टोकांना आणि मध्ये जाड वायरने वेगळा सप्लाय द्या, प्रत्येक फाट्याला फ्यूज टाका. दोन एसएमपीएस (पट्टीला ५ व्होल्ट देणारे पॉवर सप्लाय) असतील तर त्यांचे मायनस एकत्र जोडायचे, प्लस नाही. आणि रात्री ब्राइटनेस ३०-४० टक्के पुरतो, फुल्ल ठेवून फक्त लोकांचे डोळे दिपतात आणि मोबाईलवर फोटो पांढराफट येतो.

मध्येच फ्लिकर, किंवा अमुक पिक्सेलपासून पुढे सगळं बंद

ईएसपी३२ डेटा देतो ३.३ व्होल्टचा, आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या चिपला साडेतीनच्या आसपास लागतो. टेबलावर छोट्या वायरमुळे कसंबसं निभावतं, मंडपात तीन मीटर वायर झाली की रंग नाचायला लागतात. मध्ये ७४एएचसीटी१२५ ही ३.३ चा सिग्नल ५ व्होल्टचा करणारी चिप टाका, पट्टीच्या तोंडाशी डेटा लाईनला ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर, आणि कंट्रोलरचा ग्राउंड पट्टीच्या ग्राउंडला जोडलाय ना ते आधी बघा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. अमुक पिक्सेलपासून पुढे बंद असेल तर शेवटचा चालू आणि पहिला बंद असे दोन्ही कापून नवे सोल्डर करा, कारण चालू दिसणाऱ्याचं आउटपुट उडालेलं असू शकतं. ढोल-ताशा पथक समोरून गेलं की तो हादरा सगळ्या जोडांना बसतो, नुसतं सोल्डर टिकत नाही, वायर आधी क्लिपने अडकवून मग जोड द्या.

सेन्सर कायम चालू

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. पीआयआर हा सेन्सर माणसाच्या अंगाच्या हलणाऱ्या उष्णतेवर चालतो, एकट्या माणसासाठी ठीक, लक्ष्मी रोडच्या गर्दीत तो एकदा सुरू झाला की बंदच होत नाही, म्हणजे तुमचं इंटरॅक्टिव्ह काम साध्या रोषणाईसारखं दिसतं आणि लोकांना कळतही नाही की आपल्यामुळे काही होतंय. सेन्सरला चौक दाखवू नका, एक जागा दाखवा. पीव्हीसी पाईपचा तुकडा त्याच्या तोंडाला लावून वरून खाली रोखा, म्हणजे एकाच माणसापुरती जागा मोजली जाते. अल्ट्रासॉनिक (ऐकू न येणाऱ्या आवाजाने अंतर मोजणारे सेन्सर) चार-पाच लावले तर एकाचा आवाज दुसरा ऐकतो, म्हणून एकापाठोपाठ एक चालवा, मध्ये ६० मिलीसेकंद सोडून.

टच पॅड पावसात नकोच, ओल्या पृष्ठभागावर कुणी हात न लावताही ट्रिगर होतो. मोठं दाबायचं बटन लावा, पोरं गुद्दे घालतील तरी चालेल असं.

आवाजावर लाईट हवी असेल तर फिक्स थ्रेशोल्ड (इतका आवाज झाला की लाईट, अशी ठरलेली पातळी) ठेवू नका, पथक आलं की मीटर कायम वर टेकतो. मागच्या काही सेकंदांच्या सरासरीच्या तुलनेत किती वाढला ते मोजा. त्यातही ढोल खालच्या फ्रिक्वेन्सीत आणि ताशा वरच्या, दोघांना वेगळे रंग दिलेत तर बघणारी माणसं उभी राहतात.

आणि जमिनीवर दोन पावलं रंगवा. पुण्यात पाटी वाचून हात न लावायचीच सवय आहे, 'कृपया हात लावा' लिहिलं तरी लोकं आधी आजूबाजूला बघतात. पावलं दिसली की माणूस आपोआप तिथे उभा राहतो. उभा राहिला की लाईट १०० मिलीसेकंदांत बदलली पाहिजे, उशीर झाला तर तो निघून गेलेला असतो. कंट्रोलर वाय-फायवर बोलत असतील तर गर्दीत हा उशीर हमखास होतो, हजारो मोबाईल तिथेच असतात. वायर टाका राव. आणि जोरात चमकणारा इफेक्ट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा नको, काही लोकांना फिट येऊ शकते.

पाऊस आणि वीज

भाद्रपदात पाऊस येणारच. आयपी६५ म्हणजे पाण्याच्या शिंतोड्यांपासून जपलेल्या पट्टीचं फक्त वरचं तोंड सिलिकॉनने झाकलेलं असतं, कापलेलं टोक उघडं राहतं, ते बंद करायला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारं तांबं खातं. पेटीत वायर वरून नको, खालून घाला, आणि आत शिरण्याआधी थोडा झोल खाली सोडा, थेंब तिथूनच गळून जातात. २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच, यावर वाद नको. लाईन महावितरणकडून तात्पुरत्या जोडणीची घ्या, आकडा टाकून कुणाच्या पोराचा जीव जायला नको.

लाईट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत सगळं बंद पडतं. परत आल्यावर आपोआप आपल्याच इफेक्टवर यायला पाहिजे. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर वापरत असाल तर अशा झटक्यांनी मेमरी कार्ड करप्ट होतं, एक कॉपी केलेलं कार्ड खिशात ठेवा, सोबत एक मीटर पट्टी, एक एसएमपीएस आणि सोल्डरिंग गन मंडपाच्या मागे, कारण तपकीर गल्ली रात्री अकराला उघडी नसते.