काळजीला वेळ ठरवून द्या

‘काळजी करू नकोस’ म्हटल्याने काळजी थांबत नाही, उलट दाबली की उसळते. त्यापेक्षा तिला रोज संध्याकाळी वीस मिनिटं द्या. झोपायच्या तोंडावर मात्र नको, नाहीतर रात्रभर कूस बदलत राहाल.

दिवसा विचार आला की खिशातल्या वहीत एकच ओळ लिहा: ‘बाबांचा रिपोर्ट’. पुन्हा हातातलं काम. संध्याकाळी प्रत्येक ओळीला विचारा, यावर मला काही करता येईल? येत असेल तर पुढे काम आणि वेळ लिहा: ‘उद्या १० वाजता लॅबला फोन’. नसेल तर ओळ तशीच सोडा. हे जड जातं, पहिला आठवडा तर फारच.

बहुतेकांचं फसतं ते खात्री करून घेण्यात. कुलूप तीनदा ओढलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण शंका आली की ओढायचंच, ही सवय पक्की होते. एकदा ओढा, निघा. अस्वस्थता आपोआप ओसरते.

धडधड वाढली तर चार आकडे श्वास आत, सहा बाहेर, पाच मिनिटं. संध्याकाळचा चहा बंद.

झोप, जेवण, काम कित्येक आठवडे बिघडलेलंच असेल तर डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.