दिवाळीच्या धांदलीत विकायला लोकरीची तोरणं: कशी करावीत, किती करावीत

दिवाळी जवळ आली की घरात साफसफाई, फराळ, पाहुणे, आणि नेमकं तेव्हाच लोकांना हातानं केलेल्या वस्तू हव्या असतात. अशा वेळी विणायला घ्यायची वस्तू निवडताना मी एकच बघते: हातातलं काम कुठल्याही क्षणी खाली ठेवता येईल का? स्वेटर किंवा टेबलाचा मोठा रुमाल अशा वेळी नकोच. मधेच कुकरची शिट्टी झाली की टाके मोजायचे विसरतात आणि रात्री सगळं उसवायला लागतं. झेंडूच्या फुलांचं तोरण सुट्या तुकड्यांचं असतं. एक फूल वीस मिनिटांत होतं, मग दाराची बेल वाजली तरी चालतं.

लोकर आणायची वेळ. पितृपक्षात आमच्याकडे नवी खरेदी करत नाहीत, म्हणून लोकर गणपती विसर्जनाच्या आत घरात येते. विणायला मात्र पितृपक्षासारखा निवांत काळ नाही. पाहुणे नाहीत, सण नाही. (सासूबाईंनी पहिल्या वर्षी नाक मुरडलं होतं. आता त्याच पानं विणून देतात.)

चार पदरी अ‍ॅक्रिलिक लोकर घ्या, सोबत साडेतीन मिलीमीटरची क्रोशाची सुई. केशरी, पिवळा, हिरवा, एवढे तीन रंग पुरतात. गुंड्याच्या कागदी पट्टीवर लॉट नंबर (एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) असतो, तो जुळवूनच गुंडे घ्या. मी एकदा पिवळा कमी पडला म्हणून आठवड्यानं त्याच दुकानातून, त्याच कंपनीचा, त्याच नंबरचा रंग आणला. ट्यूबलाइटखाली फरक कळला नाही. सकाळी दारात तोरण धरलं तर चार फुलं लिंबासारखी आणि बाकीची हळदीसारखी. लॉट वेगळा होता. ते तोरण अजून आमच्याच देवघरावर आहे.

झेंडू असा विणा. 33 साखळ्या घाला. सुईपासून चौथ्या साखळीत 3 खांब (सुईवर आधी लोकरीचा एक वेढा घेऊन घातलेले उंच टाके), आणि पुढे प्रत्येक साखळीत 3 खांब. म्हणजे 30 साखळ्यांत 90 खांब. एका साखळीत तीन खांब दाटीनं बसले की पट्टी आपोआप वळायला लागते, तिला झालर येते. पहिल्यांदा विणणाऱ्याला वाटतं आपलं चुकलं, चुकलेलं नसतं. आता एका टोकापासून ही पट्टी गुंडाळत चला, चकलीचा वेढा घालतात तशी. तळाशी सुईदोऱ्यानं आरपार चार-पाच टाके घाला. फूल मधे खोलगट दिसलं तर सुरुवातीचा वेढा जास्त घट्ट झालाय, थोडा सैल करून पुन्हा गुंडाळा.

आंब्याचं पान सोपं आहे. 13 साखळ्या, सुरुवातीला दोन मुके खांब (वेढा न घेता घातलेले बुटके टाके), मधे खांब, शेवटाकडे पुन्हा मुके खांब, आणि टोकाला वळून दुसऱ्या बाजूनं तसंच परत.

तोरणाची पट्टी म्हणजे 40 इंच लांब साखळी, तिच्यावर खांबांच्या दोन ओळी. अ‍ॅक्रिलिक फुलांच्या वजनानं लोंबतं, म्हणून पट्टीच्या मागून सुती नाडा ओवून शिवा आणि दोन टोकांना व मधोमध असे तीन फास ठेवा. मग 11 फुलं आणि दोन फुलांमधे एकेक अशी 10 पानं जोडा. गिऱ्हाइकाकडून दाराचं माप आधी घ्या. चौकटीपेक्षा तोरण आखूड पडलं की ते परत येतंच.

आता हिशेब, जो आपण बायका करायचा टाळतो. 11 फुलांना 220 मिनिटं, 10 पानांना 100, पट्टीला 60, जोडणीला 40. झाले सात तास. रोज दीड तास मिळतो असं धरलं, तर पितृपक्षाच्या पंधरा दिवसांत जेमतेम तीन तोरणं आणि घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत आणखी तीन. घरात कोणी आजारी पडणार हे धरून मी पाचच्या वर ऑर्डर घेत नाही आणि कोजागरीला यादी बंद करते. कोजागरी ते वसुबारस हे दिवस फराळाचे.

किंमत काढताना लोकर स्वयंपाकघरातल्या काट्यावर विणण्याआधी आणि विणून झाल्यावर तोला, म्हणजे किती गेली ते नक्की कळतं. समजा लोकर, नाडा आणि पिशवी मिळून 100 रुपये झाले. सात तास, तासाला 60 रुपयांनी 420. एकूण 520, म्हणून 550 सांगायचे. ‘घरी बसल्या बसल्या तर करतेस’ असं म्हणणारी एखादी असतेच. तिला चार फुलांचं छोटं तोरण दाखवा, दर कमी करू नका. निम्मे पैसे आधी घ्या, शेजारणीकडूनही. मी भिडेखातर एकदा घेतले नाहीत आणि तयार तोरण लक्ष्मीपूजनापर्यंत पिशवीत पडून राहिलं.

लोकर घरातला वास फार पटकन धरते. चिवड्याच्या फोडणीच्या दिवशी विणकाम झाकणाच्या डब्यात ठेवा आणि त्या दिवशी हातच लावू नका. तेलकट बोटांचा डाग पिवळ्या रंगावर उठून दिसतो.

फोटो सकाळच्या उजेडात, दारावर खरंखुरं लावून काढा. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला सतरंजीवर पसरलेलं तोरण कोणी बघत नाही. देताना तीन गोष्टी तोंडी सांगा आणि चिठ्ठीवरही लिहा: गार पाण्यात धुवून सावलीत आडवं वाळवा, इस्त्री नको, आणि पणती किंवा समई तोरणाच्या जवळ ठेवू नका, कारण अ‍ॅक्रिलिक पेट घेतं आणि वितळून चिकटतं.

दिवाळीनंतर फुलं उरतातच. त्यांना मागून पिन लावली की केसात माळायची फुलं होतात, कडी लावली की किल्लीची किचेन. मी ती संक्रांतीच्या वाणासाठी वेगळी बांधून ठेवते. तुळशीचं लग्न झालं की रुखवताची विचारणा सुरू होते, आणि रुखवताला लागणारे मोठे रुमाल विणायला हिवाळाभर वेळ असतो.