जीवशास्त्र ऑलिम्पियाडची तयारी कशी करावी

जीवशास्त्र हा पाठांतराचा विषय आहे, हा समज शालेय परीक्षांमुळे इतका पक्का झालेला असतो की ऑलिम्पियाडची पहिली सराव प्रश्नपत्रिका हाती आल्यावर वर्गातला हुशार विद्यार्थीही गांगरून जातो. तिथे व्याख्या विचारलेली नसते. पूर्वी कधीही न पाहिलेला एखादा प्रयोग, त्याच्या निष्कर्षांचा आलेख आणि त्यावर चार विधाने दिलेली असतात, आणि प्रत्येक विधान खरे की खोटे हे स्वतंत्रपणे ठरवायचे असते. म्हणूनच या स्पर्धेची तयारी करताना ‘हे काय आहे’ या प्रश्नापेक्षा ‘हे कशावरून कळले आणि यातली एक गोष्ट बदलली तर काय होईल’ या प्रश्नाला अधिक वेळ द्यावा लागतो. पुढे सुचवलेला प्रत्येक टप्पा याच एका धोरणातून आलेला आहे.

आधी नियम आणि गुणपद्धती समजून घ्यावी

आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र ऑलिम्पियाड 1990 मध्ये तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील ओलोमोऊत या शहरात सुरू झाले. प्रत्येक देशाचा संघ जास्तीत जास्त चार विद्यार्थ्यांचा असतो आणि तो निवडण्यासाठी बहुतेक देश टप्प्याटप्प्याने चाळणी परीक्षा घेतात. प्रवेशाच्या अटी आणि प्रश्नांचे स्वरूप देशागणिक वेगळे असते, म्हणून त्या वर्षीचे अधिकृत माहितीपत्रक शब्दन् शब्द वाचावे. सैद्धांतिक भागाच्या अभ्यासक्रमात परंपरेने दिला गेलेला भार मात्र सर्वत्र उपयोगी पडतो: प्राण्यांची रचना व शरीरक्रिया 25 टक्के, पेशीविज्ञान 20, आनुवंशिकी व उत्क्रांती 20, वनस्पतींची रचना व शरीरक्रिया 15, परिस्थितिकी 10, प्राणिवर्तन 5 आणि वर्गीकरण 5. मानवी शरीराची आवड असलेले विद्यार्थी वनस्पतींकडे हमखास दुर्लक्ष करतात आणि ते 15 टक्के गुण स्पर्धकांना आंदण देऊन बसतात.

चार विधानांच्या प्रश्नांना आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वापरली गेलेली गुणपद्धती अशी आहे: चारही विधाने बरोबर ठरवल्यास 1 गुण, तीन बरोबर असल्यास 0.6, दोन बरोबर असल्यास 0.2 आणि त्याहून कमी असल्यास शून्य. याचा अर्थ नीट उकलून पाहण्यासारखा आहे. दोन विधानांची खात्री असून उरलेल्या दोन्हींबद्दल केवळ अंदाज बांधला, तर सरासरीने 0.6 गुण पदरी पडतात, आणि तिसऱ्या विधानाची खात्री झाली की तीच सरासरी 0.8 होते. काहीच ठाऊक नसताना चारही अंदाजाने भरले तरी सरासरी 0.29 च्या आसपास राहते. अशा पद्धतीत उत्तर कोरे सोडण्यात काहीच शहाणपण नाही. उलट चुकीच्या उत्तराला गुण वजा होत असतील, तर हे सगळे गणित फिरते. आपल्या परीक्षेला कोणता नियम लागू आहे, हे परीक्षेच्या दिवशी नव्हे तर तयारीच्या पहिल्याच आठवड्यात माहीत असायला हवे.

वाचनाचा क्रम ठरवावा

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला लावले जाते तसे सर्वसाधारण जीवशास्त्राचे एक जाडजूड, भरपूर आकृत्या असलेले पुस्तक निवडावे आणि तेच शेवटपर्यंत मुख्य पुस्तक मानावे. पाच पुस्तकांची पहिली तीन प्रकरणे वाचण्यापेक्षा एक पुस्तक दोनदा संपवणे कितीतरी फायद्याचे असते. हाताशी सुमारे एक वर्ष असेल, तर पहिल्या पाच-सहा महिन्यांत पहिले वाचन पूर्ण करावे. सुरुवात पेशी आणि जैवरसायनशास्त्रापासून करावी, कारण चेतापेशीतील संदेशवहन असो, मूत्रपिंडाचे काम असो की पानातील प्रकाशसंश्लेषण, सगळ्याच्या मुळाशी पटलाच्या दोन बाजूंचा फरक आणि त्यातून मिळणारी ऊर्जा हीच गोष्ट असते. त्यानंतर आनुवंशिकी, मग प्राणी व वनस्पती यांची शरीरक्रिया, आणि शेवटी उत्क्रांती, परिस्थितिकी, वर्तन व वर्गीकरण असा क्रम ठेवता येतो.

रोज तास-दीड तासाचे नियमित वाचन पुरते. मात्र त्यातला काही वेळ पुस्तक मिटून, वाचलेली प्रक्रिया कोऱ्या कागदावर आकृतीसह उतरवण्यासाठी राखून ठेवावा. रंगीत पेनाने ओळी अधोरेखित केल्याने अभ्यास झाल्याचे समाधान मिळते, पण आपल्याला काय येत नाही, ते कोरा कागदच दाखवतो.

आलेख आधी, मजकूर नंतर

प्रकरण वाचताना आधी त्यातील आलेख पाहावा, खालची ओळ हाताने झाकावी आणि आलेख काय सांगतो हे स्वतःच्या शब्दांत लिहावे. एक उदाहरण सविस्तर पाहू. बंद भांड्यातील द्रावणात तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारी अंगके), त्यांना लागणारे इंधन आणि फॉस्फेट आहे, आणि द्रावणातील ऑक्सिजन सतत मोजला जात आहे. सुरुवातीला ऑक्सिजन हळूहळू कमी होतो. एडीपी, म्हणजे ज्यापासून एटीपी हा ऊर्जा साठवणारा रेणू बनतो तो कच्चा माल, घालताच ऑक्सिजन झपाट्याने घटू लागतो. त्यानंतर ऑलिगोमायसिन घातले की घट पुन्हा मंदावते, मग डायनायट्रोफेनॉल घातले की ती पुन्हा वेगवान होते आणि सायनाइड घातल्यावर रेषा आडवी होते.

हा क्रम पाठ करून काही साधत नाही. इलेक्ट्रॉनांची साखळी प्रोटॉनना पटलापलीकडे ढकलते आणि ते एटीपी तयार करणाऱ्या विकरातून परततात. ऑलिगोमायसिन या विकराची वाट अडवते; प्रोटॉनना परतीचा मार्ग उरत नाही, त्यांचा दाब साचतो आणि त्यामुळे इलेक्ट्रॉनांची साखळीही जवळपास थांबते. डायनायट्रोफेनॉल प्रोटॉनना पटलातून थेट पलीकडे नेते, म्हणून साखळी जोरात चालते, पण एटीपी तयार न होता ऊर्जा उष्णतेच्या रूपात निघून जाते. सायनाइड साखळीचा शेवटचा टप्पाच बंद करते. एवढे समजल्यावर स्वतःच प्रश्न उलटेसुलटे करावेत. डायनायट्रोफेनॉल आधी आणि ऑलिगोमायसिन नंतर घातले तर? ऑक्सिजनच्या वापरावर फरक पडणार नाही, कारण प्रोटॉनना आता विकराच्या वाटेची गरजच नाही. सायनाइडनंतर डायनायट्रोफेनॉल घातले तर? रेषा आडवीच राहील. परीक्षेतील चार विधाने नेमकी अशाच उलटापालटीतून तयार होतात. म्हणून आठवड्यातून निदान दोन आलेखांवर स्वतः चार-चार विधाने रचावीत आणि त्यातले किमान एक विधान फसवे पण प्रामाणिक असावे. हा सराव कंटाळवाणा वाटला तरी दुसरा कोणताही सराव त्याच्या तोडीचा नाही.

गाजलेले प्रयोग पायरीपायरीने उलगडावेत

वेगळी वही करून प्रत्येक मोठ्या संकल्पनेसमोर ती सिद्ध करणारा प्रयोग लिहावा. डीएनएची प्रत कशी तयार होते, याबद्दल मेसेल्सन आणि स्टाल यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग नमुन्यादाखल घ्यावा. जड नायट्रोजनवर वाढवलेले जीवाणू हलक्या नायट्रोजनमध्ये हलवले आणि प्रत्येक पिढीतील डीएनए घनतेनुसार वेगळा केला. उत्तर वाचण्याआधी तिन्ही शक्यतांची भाकिते तक्त्यात मांडावीत. जुना रेणू अखंड राहून पूर्ण नवा रेणू बनत असेल, तर पहिल्याच पिढीत जड आणि हलका असे दोन पट्टे दिसले पाहिजेत. प्रत्यक्षात मधल्या घनतेचा एकच पट्टा दिसला, म्हणून ती शक्यता बाद झाली. पण जुना धागा व नवा धागा यांची जोडी, किंवा जुन्या-नव्या तुकड्यांचे मिश्रण, या दोन्ही शक्यता पहिल्या पिढीत सारख्याच दिसतात. त्यांच्यातला निवाडा दुसऱ्या पिढीत होतो, जेव्हा मधला आणि हलका असे दोन पट्टे मिळतात. तिसऱ्या पिढीत मधल्या आणि हलक्या डीएनएचे प्रमाण 1:3 असेल, हे स्वतः काढता आले म्हणजे प्रयोग समजला असे मानावे.

आकडेमोडीला घाबरू नये

लागणारे गणित साधे असते, पण ते जीवशास्त्राच्या वेशात येते. एखादा अप्रभावी विकार 10,000 पैकी एका व्यक्तीत दिसत असेल आणि त्या समष्टीला हार्डी-वाइनबर्गचा नियम (अलीलच्या वारंवारतेवरून जनुकप्रकारांचे प्रमाण सांगणारा) लागू असेल, तर त्या अलीलची, म्हणजे जनुकाच्या त्या पर्यायी रूपाची, वारंवारता 0.01 आणि वाहकांचे प्रमाण सुमारे 0.0198, म्हणजे जवळजवळ पन्नासात एक येते. विकार इतका विरळ असताना वाहक इतके का, याचा विचार केल्यावर अप्रभावी अलील निवडीतून सहज नाहीसे का होत नाहीत, हेही उलगडते.

अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतील तफावत केवळ योगायोगाची असू शकते का, हे पाहणारी काय-स्क्वेअर चाचणी हाताने सोडवता आली पाहिजे. 3:1 प्रमाण अपेक्षित असताना 160 झाडांपैकी 110 उंच आणि 50 बुटकी आढळली, तर अपेक्षित संख्या 120 आणि 40 असल्याने मूल्य 0.83 अधिक 2.5, म्हणजे सुमारे 3.33 येते. स्वातंत्र्याची मात्रा एक असताना 5 टक्के पातळीचे निर्णायक मूल्य 3.84 आहे, म्हणून 3:1 हे गृहीतक नाकारता येत नाही. ते सिद्ध झाले असे मात्र कदापि म्हणू नये. ‘या माहितीवरून गृहीतक सिद्ध होते’ अशी विधाने सापळा म्हणून हमखास दिलेली असतात.

वनस्पतींच्या बाबतीत जलविभव पक्के करावे; पाणी जास्त विभवाकडून कमी विभवाकडे जाते. पेशीचे द्राव्यविभव उणे 0.8 आणि दाबविभव अधिक 0.3 मेगापास्कल असेल, तर एकूण जलविभव उणे 0.5 होते; ती पेशी उणे 0.7 विभवाच्या उघड्या द्रावणात ठेवल्यास पाणी बाहेर जाईल. मूत्रपिंडासाठी निष्कासनाचे सूत्र, म्हणजे लघवीतील संहती गुणिले लघवीचा दर भागिले रक्तद्रवातील संहती, एवढे पुरते. मूत्रपिंडात गाळला जाणारा, पण परत शोषला किंवा स्रवला न जाणारा इन्युलिन हा पदार्थ घेतला, तर उत्तर सुमारे 125 मिलिलिटर प्रतिमिनिट येते. एखाद्या पदार्थाचे उत्तर त्याहून कमी आले तर तो परत शोषला जातो आणि जास्त आले तर तो नलिकेत स्रवला जातो. अर्थात पहिला निष्कर्ष काढण्यापूर्वी तो पदार्थ रक्तातील प्रथिनांना चिकटलेला नाही ना, हे पाहावे.

जुन्या प्रश्नपत्रिका आणि चुकांची नोंद

पहिले वाचन संपल्यावर जुन्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात, पण सर्वांत अलीकडच्या दोन शेवटच्या महिन्यासाठी न उघडता ठेवाव्यात. सुरुवातीला वेळेचे बंधन न पाळता प्रत्येक विधानापुढे ते खरे किंवा खोटे का, हे एका वाक्यात लिहावे. तपासताना चुकांचे प्रकार वेगळे करावेत: माहितीच नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, आलेखाचे अक्ष पाहिले नाहीत, की तर्क घसरला. पहिल्या प्रकारावर उपाय पुस्तकात आहे. बाकीच्यांवर तो नाही, आणि बहुतेक विद्यार्थी मात्र सगळ्या चुकांवर एकच उपाय करतात, तो म्हणजे आणखी वाचन. बरोबर आलेल्या पण अंदाजाने दिलेल्या उत्तरांचीही नोंद चुकांमध्येच करावी.

दोन-तीन जणांचा अभ्यासगट असल्यास एकमेकांची विधाने खोडून काढण्यासाठी तो उत्तम. एकमेकांना धडे वाचून दाखवण्यासाठी त्याचा काही उपयोग नाही.

प्रात्यक्षिकाची तयारी

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रात्यक्षिकांना सैद्धांतिक परीक्षेइतकेच महत्त्व असते, आणि हाताचे कौशल्य शेवटच्या आठवड्यात येत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली खोड आणि मूळ यांचे पातळ छेद घ्यावेत, रंगवावेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून रेखाटावेत. द्विदल खोडात वाहक पूल वर्तुळाकार मांडलेले असतात आणि एकदल खोडात विखुरलेले, हे पुस्तकात एका ओळीत संपते. स्वतः घेतलेल्या जाड-पातळ, फाटक्या छेदात ते ओळखणे ही वेगळी गोष्ट आहे. फुलाचे भाग सोडवून पुष्पसूत्र लिहिणे आणि ओळख-किल्लीच्या आधारे कीटकांचे गण ठरवणे, यांचाही सराव ठेवावा.

मायक्रोपिपेट उपलब्ध असेल, तर अचूकता पाण्यानेच तपासता येते. संवेदनशील तराजूवर 100 मायक्रोलिटर पाण्याचे वजन 0.1 ग्रॅम भरले पाहिजे. दहा वेळा सोडलेल्या थेंबांची वजने एकमेकांपासून किती ढळतात, हे लिहून ठेवावे. क्रमवार विरलनही हाताने करून पाहावे. एक मिलिलिटर नमुना नऊ मिलिलिटर पाण्यात, असे पाच वेळा केल्यावर शेवटच्या नळीतील 0.1 मिलिलिटर द्रव पसरून 42 वसाहती आल्या, तर मूळ नमुन्यात प्रतिमिलिलिटर सुमारे 4.2 कोटी जिवंत जीवाणू होते. इथे 0.1 मिलिलिटरचा भागाकार विसरला की उत्तर दहापटीने चुकते.

प्रात्यक्षिक परीक्षेत कृतिपत्रिका मिळाल्यावर लगेच हात घालू नये. आधी ती शेवटपर्यंत वाचावी आणि ज्या पायऱ्यांत थांबावे लागते, म्हणजे विकराची अभिक्रिया, रंगद्रव्य मुरवणे किंवा जेलमधून डीएनए सरकू देणे, त्यांच्यावर खूण करावी. त्या सर्वप्रथम सुरू करून मधल्या मोकळ्या वेळात आकडेमोड, रेखाटने आणि लेखी प्रश्न उरकावेत. नळ्यांवर क्रमांक द्रव भरण्याआधी घालावेत, मोजमाप केल्याबरोबर उत्तरपत्रिकेवर एककासह लिहावे, आणि एखादी पायरी बिघडली तर ती पुन्हा करण्याइतका वेळ उरला आहे का, हे घड्याळ पाहून ठरवावे. उरला नसेल तर मिळालेल्या आकड्यांवरच पुढचे विश्लेषण पूर्ण करावे.